नकाशातली विहीर

बाहत्तरचा दुष्काळ. आमच्या नदीत नुसती वाळू उरली व्हती. पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन भगवानराव तहसिलातून निजामाच्या वक्ताचा नकाशा घेऊन आले. मारुतीच्या मागं विहिरीची खूण दाखवून म्हणाले, "हितंच झरा लागणार!" बोअर दीडशे फूट गेला. नुसता फुफाटा उडाला. बोअरच्या गाडीवाला रहीम म्हणाला, "बारा वाजता नेकनूरला निघायचं हाय. परत यायला दोन मैने लागतील."

गाडी गेली की पाण्यावाचून गाव उठणार, हे समद्यांना ठाऊक व्हतं. ती खूण खोटी व्हती. निजामाचा मोजणीदार आला तवा बागायतीचा जादा शेतसारा चुकवायला माझ्या सासऱ्यानं, आश्रुबानं, आपली विहीर फरशांनी झाकून वर गोठा बांधला, आन त्याला मारुतीमागचा कोरडा खड्डा दाखवला. त्याच गोठ्याचं पुढं घर झालं. मालक गेल्यावर मला तेवढंच उरलंय.

तरी बोलले. "भगवानराव, विहीर माझ्या चुलीखाली हाय."

समदे हसले. भगवानराव म्हणाले, "वा गं छबूकाकू! संस्थेचं पाणी दारात पायजे व्हय? सरकारी कागद खोटा आन तू खरी?"

"छबू खोटं न्हाई बोलायची," शेजारची आमिनाबी म्हणाली. तिचं कुणी ऐकलं न्हाई. रहीमनं गाडी चालू केली.

मंग माझं टाळकंच सरकलं. घरात गेले, पहार उचलली आन माझ्याच हातानं चूल फोडली. "या की आता! बघा!" आरडाओरडा ऐकून रहीम आत आला. दोघातिघांनी फरशी सरकवली. रहीमनं दगड टाकला. लई खालून डुबुक वाजलं.

दिवस मावळेपर्यंत माझ्या घराचे पत्रे निघाले, भिंती पडल्या, रहाट बसला. पहिली घागर मी शेंदली, आमिनाबीपुढं धरली.

"तुला कवापासून ठाऊक व्हतं?" तिनं विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"माझ्या चार शेळ्या तहानेनं मेल्या, छबू. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. तवा कावून गप बसलीस?"

"घर जाईल म्हणून."

मंग तिनं आपली रिकामी कळशी उचलली आन निघून गेली.