कारळ्याचं डांबर

सकाळचा डबा कैलासच्या गळ्यात पडला त्याला आता वर्ष होत आलं होतं. बायको प्रेरणा पहिल्या पाळीची. कंपनीची बस तिला उजाडायच्या आत सोमाटणे फाट्यावरून घेऊन जायची. कैलासची दुपारपाळी. तेव्हा लेकीला उठवणं, वेण्या घालणं आणि डबा भरणं ही कामं त्याची. वेण्या रोज वाकड्या व्हायच्या, पण डब्यात मात्र त्यानं नाव काढलं होतं. युक्ती सोपी होती. जे काही शिजवलं असेल त्यावर मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकायचं. भेंडीत कूट, काकडीत कूट, वांग्यात तर कुटात वांगं शोधावं लागायचं. ही विद्या त्याच्या आईची, रतनबाईची.

एका सकाळी वेणी घालून घेताना दुसरीतली राजेश्वरी म्हणाली, "पप्पा, माझ्या डब्यात आता शेंगदाणे नकोत."

"का गं? दात दुखतोय?"

"माझं काही दुखत नाही. आरिफचा घसा सुजतो."

आरिफ वर्गात नवीन आला होता. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी त्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. दुधानं अंगावर गांधी उठायच्या. म्हणून मधल्या सुट्टीत तो ज्योत्स्ना मॅडमच्या टेबलापाशी एकटा बसून जेवायचा आणि बाकीचा वर्ग खाली गोल करून.

"मला त्याच्याशेजारी बसायचंय," राजेश्वरी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, शेंगदाणे नसलेला आणि दूध-तूप नसलेला डबा आण, मग बस. आणि पप्पा, चपातीला लावायचं काहीतरी पायजे. चॉकलेटसारखं."

"एवढंच ना?" असं म्हणत कैलासनं फ्रिज उघडला आणि तो उघडाच ठेवून उभा राहिला. दही, तूप, लोणी, कुटाचा डबा, कुटाची चटणी.

मागून रतनबाईनं डोकावून पाहिलं. "कूट न्हाई, दूध न्हाई, तूप न्हाई. मग पोरानं खायचं काय, वारा?"

कैलासला मात्र आता चेव चढला. त्यानं आधी फुटाण्याचं डाळं आणि गूळ मिक्सरमध्ये फिरवला. जे तयार झालं ते चमच्याला सोडेना. चपातीवर पसरायला गेलं तर चपातीच फाटून त्याच्याबरोबर निघाली.

राजेश्वरीनं ते बराच वेळ न्याहाळलं. "पप्पा, हे चपातीला लावायचं का चपाती ह्याला लावायची?"

शेवटी रतनबाईलाच दया आली. तिचं माहेर टाकवे बुद्रुकचं. भावानं डोंगरउतारावरची कारळं धाडली होती, त्यातली वाटीभर तिनं काढून दिली. "भाज. पर मंद आचेवर. लय उडत्यात."

कारळं खरंच उडाली, निम्मी शेगडीखाली गेली. उरलेली कैलासनं गुळाबरोबर वाटली आणि मऊ व्हावं म्हणून वरून तेल सोडलं. भांड्यात काळंभोर, चकचकीत, दाट असं काहीतरी तयार झालं.

"डांबर!" राजेश्वरी ओरडली. मग बोट बुडवून चाटलं. मग दुसरं बोट बुडवलं. मग चमचाच मागितला.

कैलासची छाती फुगली. त्यानं डांबर बाटलीत भरलं. पण मॅडमनी सांगून ठेवलं होतं, आरिफच्या आईला विचारल्याशिवाय काही नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. दुपार कलल्यावर तो बाटली घेऊन सोमाटण्याला आरिफच्या घरी गेला.

आरिफची आई जीनत दारातच भेटली. कैलासनं सगळं सांगितलं. तिनं बाटली हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"कारळं चालतात त्याला. आमच्याकडं चटणी नेहमीच असते. पण भाऊ, वाटलं कशात?"

"घरच्या मिक्सरमध्ये."

"त्यात एरवी काय वाटता?"

कैलास बाटलीकडं बघत म्हणाला, "कूट."

"आणि तेल कोणतं घातलंत?"

"घाण्याचं," तो अभिमानानं म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "शेंगदाण्याचं."

त्यानं बाटली झटकन मागं ओढून पिशवीत कोंबली, जणू तिच्यातून विंचूच निघणार होता. शेंगदाणे नकोत, नकोत म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं शेंगदाण्याचंच तेल ओतलं होतं. कंपनीत तो पेंट शॉपला होता. धुळीचा एक कण बसला तर गाडीचं आख्खं दार परत येतं, हे नव्या पोरांना तोच शिकवायचा. आणि इथं आपण हे असं वर्गात पाठवणार होतो! तो तिथंच पायरीवर बसला.

"वहिनी, माफ करा. मी लय मोठा गाढवपणा केला."

"तुम्ही विचारायला तरी आलात," जीनत म्हणाली. "लोक लाडानं काहीबाही हातावर ठेवतात आणि धावायला लागतं मला."

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. आरिफचा बाप नसीर कामावरून आला होता. कैलासला वाटलं तो सरळ आत येईल. पण तो लांबूनच "आलो हां" म्हणाला, घराला वळसा घालून मागच्या मोरीत गेला आणि अंघोळ करून, कपडे बदलून मगच पुढं आला. आरिफ तोवर दारात उड्या मारत थांबला होता. बाप दिसला तसा त्याच्या गळ्यातच पडला.

"कुठं असता कामाला?" कैलासनं विचारलं.

"लोणावळ्याला. चिक्कीच्या कारखान्यात," नसीर म्हणाला, आणि कैलासचा चेहरा बघून हसायला लागला. "व्हय, शेंगदाणा चिक्की. पोरगं असं आणि पोट शेंगदाण्यावर. काय करता!"

बाटलीची गोष्ट ऐकल्यावर तर तो हसून हसून खोकला. मग म्हणाला, "पुढच्या गुरुवारी इथंच करू. भांडी आमची, तेल करडईचं, कारळं, गूळ सगळं घरातलं."

"मी काय आणू?"

"हात आणा," जीनत म्हणाली. "तेही धुऊन."

पुढच्या गुरुवारी कैलास अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून राजेश्वरीला घेऊन हजर झाला. रतनबाईही मागं लागून आली. "कारळं भाजायची ह्याला जमायचं न्हाई," असं तिनं जीनतला आल्या आल्या सांगून टाकलं, आणि हात कोपरापर्यंत धुऊन शेगडीचा ताबा घेतला. जीनतनं वाटण धरलं. गुळाचा पाक नसीरकडं. कैलासला फक्त ढवळायला ठेवलं होतं.

पाकाला बुडबुडे आले तसा नसीरचा हात सवयीनं तो आणखी आटवायला लागला. जीनत ओरडली, "अहो, चिक्की नाही करायची!"

त्यानं गडबडीनं पातेलं उतरवलं. "जन्मभर पाक कडक करायचं शिकलो. आता मऊ ठेवायचं म्हणजे हाताला समजवावं लागतं."

पाक, कारळ्याची पूड, करडईचं तेल, चिमूटभर मीठ, थोडी सुंठ. कैलास ढवळत राहिला. चमच्यावरून रेशमासारखी काळी धार पडायला लागली. पहिला घास आरिफला दिला. मोठी माणसं सगळी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. जीनत तर श्वास धरून. आरिफनं सावकाश चावलं, गिळलं, ओठ पुसले.

"अम्मी, हे मी वर्गात वाटू?"

जीनतनं आजवर ह्या पोराला एकच शिकवलं होतं, कुणाचं घेऊ नकोस. कुणाला द्यायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. मग ती उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या चपात्यांसाठी सगळ्या वर्गापुरती कणीक काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैलास स्वतःचा डबा भरून कामावर निघणार तोच मोबाईल वाजला. ज्योत्स्ना मॅडम. "राजेश्वरीचे बाबा ना? त्या काळ्या पदार्थात नक्की काय होतं?"

कैलासनं डबा खाली ठेवला. "आरिफ बरा आहे ना? काय झालं?"

"आरिफला काही झालेलं नाही. तोच वाटत फिरत होता. सगळे आपापले डबे बंद ठेवून त्याच्याभोवती गोल करून तेच जेवले, मला टेबलाशी एकटीला बसवलं. पण आज वर्गाचा फोटो आहे आणि एकाचाही दात पांढरा नाही! चुळा भरून झाल्या, तरी जात नाही. तोंड मिटा म्हटलं की आणखी हसतात. फोटोग्राफर कंटाळलाय. हे जातं कशानं?"

कैलास दारातच मटकन बसला. आधी त्याला हायसं वाटलं, मग हसू आलं, आणि मग ते आवरेना. मॅडम पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिल्या आणि त्यांच्या मागं पोरांचा नुसता कल्ला ऐकू येत होता.

शेवटी शाळेनं दोन फोटो काढले. एक त्या दिवशीचा आणि एक सोमवारचा, शहाण्यासारखा, दात घासून. पालकांना दोन्ही दाखवले, कुठला हवा ते सांगा म्हणून. सोमवारचा एकानंही घेतला नाही.