गिटारच्या लग्नातला धवळा

अंकुर घरतचा फोन दोन मिनिटं एकोणचाळीस सेकंदांनी उचलला गेला. उचलला गेलाच नाही, असं धरून चालू. अंकुरनंही तसंच धरलं, फोन ठेवला आणि परत नंबर फिरवला.

'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं सांगून बेलापूरच्या त्या कार्यालयाची मदतवाहिनी गिटार वाजवू लागली. गिटार अंकुरचीच. उलव्यातल्या भाड्याच्या खोलीत गादीवर बसून तो स्वतःचंच वादन ऐकत होता. एवढे श्रोते त्याला आयुष्यात कधी लाभले नव्हते. सगळे तक्रारीसाठी ताटकळलेले, पण श्रोते ते श्रोतेच.

त्याचं संगीत कशातच बसत नसे. जॅझवाले म्हणायचे, हे हळदीतलं आहे. हळदीतले म्हणायचे, यावर नाचायचं कुठून? सुरुवात फार लांबते, यावर मात्र दोघांचंही एकमत.

या धूनची सुरुवात तीन मिनिटं अकरा सेकंदांची होती. त्यानंतर आई गायची.

आई म्हणजे शेवंताबाई, जासईच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन विधी पार पाडणारी बाई. रेकॉर्डिंगचं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "लगीन नाय, न धवला कसा गाव? देव काय येडा हाय?"

मग अंकुरनं लग्नच काढलं. गिटारला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या आणि समोर नवरदेव म्हणून अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. शेवंताबाईंनी त्याला नीट निरखलं.

"पोरगा जड हाय. पन घरचा दिसतो. तुजा वाजवून झाला का सांग, मंग मी बोलतंय."

गिटारवरचा हळदीचा डाग अजून आहे. शेवंताबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मदतवाहिन्यांसाठी ही धून विकत घेणारी कंपनी त्यांच्याआधी बुडाली, अंकुरची हार्ड डिस्क त्यांच्यानंतर. उरला हा नंबर.

धून दर कॉलला पहिल्यापासून सुरू होते. आणि हे कार्यालय तीन मिनिटांच्या आत फोन उचलतं. त्याबद्दल त्यांना ढाल मिळालेली आहे.

"नमस्कार, राजेश्वरी बोलते. घरत सर, परत तुमीच का?"

"मॅडम, जरा लवकर उचललात."

"उचलणं हीच ड्यूटी आहे, सर. सकाळपासून सतरावा कॉल तुमचा. काय प्रॉब्लेम आहे ते सांगून टाका ना एकदाचं."

अंकुरनं सांगून टाकलं. गिटारच्या लग्नासकट.

"सर, ती धून एक तारखेला बदलतेय," राजेश्वरी हळूच म्हणाली. "आज आणि उद्या, बस. फाइल मागाल तर आमच्याकडे नाय, ते सगळं मशीनमध्ये. असं करते, मीच तुम्हाला होल्डवर टाकते. कुणाला बोलू नका."

गिटार सुरू झाली. अंकुरनं फोन स्पीकरवर टाकला, शेजारी दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. एक मिनिट. दोन. तेव्हा आपण एवढं काय वाजवत बसलो होतो, हे त्याला आज पहिल्यांदाच कळेना. दोन पन्नास. तीन. तीन दहा. गिटार थांबली. आईनं श्वास घेतला.

"बोला साहेब, कृष्णात बोलतोय," साताऱ्याकडचा भरदार आवाज आला. "तीन मिनिटं उलटली की कॉल आपोआप माझ्याकडं येतो बघा. घास तोंडात होता, दहा सेकंद उशीर झाला. लई थांबाय लागलं का?"

"नाही," अंकुर म्हणाला.

"काय तक्रार असंल तर लेखी द्या. निकाली काढू लगेच."

अंकुरनं एक कोरा कागद घेतला. 'महोदय' लिहून खाली लिहिलं:

'सबब विनंती की, उद्या दिनांक ३१ रोजी अर्जदाराचा दूरध्वनी आल्यास, धवळा पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किमान आठ मिनिटे, तो कोणत्याही कर्मचाऱ्याने कोणत्याही कारणास्तव उचलू नये.'