बँकॉकला न गेलेलं कुलूप

मित्रांनो, आधी मागे वळून बघा. कोणी कान देऊन ऐकत नाही ना? मग सांगतो. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. संशय हा माझा पिढीजात धंदा.

भट्टीतून मी साच्यात उतरलो, कानशीने घासला गेलो आणि दुकानात टांगला गेलो. दुकानदाराने माझ्यावर हातोडा हाणून माझी ताकद दाखवली. तरी विकत घ्यायला आलेल्या माझ्या मालकांनी मला उलटसुलट करून विचारलं, "आतून पोकळ नाही ना हे?" मी मनात म्हटलं, जमलं! हा माणूस आपल्याच वळणाचा.

मालक एका मोठ्या दुकानाच्या दारावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासतात. घरी आले तरी नजर तीच. बाहेर जाताना मला लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि परत वर येऊन पुन्हा ओढायचं! कुलूप असावं तर असं, असं शेजारी म्हणायचे, तेव्हा मी फुगायचो. पण त्या ओढाओढीने माझी दांडी ढिली झाली आणि आतले खटके कुरकुरू लागले. मालकांनी मला कधी तेलाचं बोट लावलं नाही.

लावायची ती समोरची शिंपीणबाई. घरात कोणी नसलं की गुपचूप यायची आणि माझ्यात थेंबभर तेल सोडून जायची. मी काय समजायचं? आधी सलगी, मग घरफोडी! मला बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर तेव्हाच बोंब ठोकली असती.

मालकीणबाई लाँड्रीत इस्त्री करतात. एक दिवस त्या म्हणाल्या, "लोकांच्या प्रवासाच्या कपड्यांना इस्त्री करण्यात माझा जन्म गेला. एकदा माझे कपडे प्रवासाला जाऊ देत." त्यांना बँकॉकच्या नदीत होडीतून फिरायचं होतं. सासरी असलेल्या लेकीने लगेच दोघांची विमानाची तिकिटं काढली. घरातली ही पहिलीच सहल!

मालकांना मात्र प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसू लागलं. "हॉटेलच्या फोटोत खिडकी आहे, पण खिडकीबाहेर काय आहे ते का दाखवत नाहीत?" "विमानात आपली बॅग आपल्या डोळ्यांआड नेतात म्हणे. कशाला?"

"बाबा, जगातली प्रत्येक पिशवी तुम्हीच तपासणार का?" लेक म्हणाली.

शेवटी मालकांनी रंगीत तालीम घेतली. आपण गेलो असं दाखवायचं आणि दाराशी कोण येतं ते बघायचं. सगळ्यांचा मोठ्याने निरोप घेऊन, मला लावून, ओढून, नवराबायको बॅगांसकट वरच्या जिन्यात दबा धरून बसले. मालकीणबाई नवी साडी नेसल्या होत्या.

थोड्याच वेळात शिंपीणबाई आली आणि माझ्यावर वाकली. मालक धाडकन खाली उतरले. "सापडलात!"

"अगं बाई! दचकले ना मी!" तिच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची डबी होती. "अहो, तुम्ही ओढून ओढून कुलपाचा जीव काढलाय. परत आल्यावर उघडलं नाही तर दारातच बसाल. म्हणून घालते तेल, कधीची."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर घालू दिलं असतं?"

मित्रांनो, मला फार लाज वाटली.

मालकीणबाई जिन्यातच बसून होत्या. "तिकिटं रद्द करा," त्या म्हणाल्या. "तिथेही माझ्यासोबत तुमचा संशयच फिरणार असेल, तर मला नाही यायचं." आणि त्या रडू लागल्या.

मग मालकांनी खिशातून माझी दुसरी किल्ली काढली आणि शिंपीणबाईच्या हातावर ठेवली. "कुंड्यांना पाणी घालाल का? आम्ही खरंच चाललोय."

जायच्या सकाळी त्यांनी मला लावलं आणि दोघं जिना उतरले. सवयीने मालकांची पावलं परत वर आली. मी अंग आवळून धरलं. त्यांनी माझ्यावर नुसता हात ठेवला. ओढलं नाही. "येतो रे," म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, तुमच्या दारावरच्या कुलपाला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि लावलंत की ओढू नका, आम्हाला लागतं. आता शिंपीणबाई रोज मला उघडते, मी कुरकुर न करता उघडतो. आतून कुंड्यांत पाणी पडल्याचा आवाज येतो. जन्मभर मी या दारावर पहारा केला. वाट मात्र पहिल्यांदाच बघतोय.