पाठीतली सुई

दादाला हर्निया झाला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. तीस वर्षं सुतारकामाच्या भुशात काढलेली, त्यामुळे छाती कायम घरघरायची. ऑपरेशनचं ठरवायला दवाखान्यात तो, वहिनी आणि मी असे तिघं गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली.

"फुप्फुसं अशक्त आहेत तुमची. पूर्ण भूल देण्यापेक्षा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊ. कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर होईल. श्वास तुमचा तुम्ही घ्याल."

दादानं माझ्याकडे पाहिलं. घरात दहावी झालेली मी एकटीच, म्हणून ही त्याची जुनी सवय.

बाहेर बाकावर मी म्हटलं, "पाठीत सुई घेऊ नकोस. सिझेरियनला मी घेतली होती, अठरा वर्षं झाली, अजून कंबर धरून बसते. तुझं तर सगळं काम वाकून."

"मग काय करू?"

"ऑपरेशन थांबव थोडं. गाठीवर पट्टा लाव."

वहिनी म्हणाली, "अहो, बाईंना विचारून तरी बघू."

"त्या कशाला खरं सांगतील?" मी तिला तोडलंच.

"आमच्या घरची डॉक्टरीण हीच," दादा हसला आणि उठला.

आठ महिन्यांनी दाराची चौकट उचलताना त्याची गाठ बाहेर आली ती आत जाईना. संध्याकाळपर्यंत उलट्या, पोट टम्म. आतडं अडकून काळं पडलं होतं, रक्तदाब घसरला होता. त्याच डॉक्टरीणबाई आल्या. "आता कण्यातलं इंजेक्शन देता येणार नाही. पूर्ण भूलच द्यावी लागेल," एवढंच म्हणाल्या. मागचं काही काढलं नाही.

अकरा दिवस तो नळीवर होता. काचेतून त्याची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होताना दिसायची.

तो वाचला. बाराव्या दिवशी नळी निघाली, तेव्हा धीर करून मी बाईंना माझ्या कमरेचं विचारलं.

"डोकं दुखतं काहींचं, चार-आठ दिवस. नसेला इजा फार क्वचित होते. पण इतकी वर्षं कंबर? बाळंतपणानंतर सुई न घेतलेल्यांचीही दुखतेच. काम काय करता?"

"शिवणकाम. दिवसाला दहा तास."

"दहा तास वाकून बसल्यावर कंबर दुखणारच," त्या म्हणाल्या. मग दादाच्या कागदांकडे वळल्या.

दादा घरी आला, पण रंधा पुन्हा हातात धरता आला नाही. दोन जिने चढला तरी धाप लागते. एका दुपारी त्याच्यापाशी बसून मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

त्यानं आधी श्वास जमवला. "तुझ्या वहिनीनं तुला न सांगता बाईंना विचारलं होतं. घरी येऊन मला समजावलं, हातापाया पडली."

"मग ऐकलं का नाहीस?"

"घाबरलो होतो गं. सुई पाठीत जाताना आपण जागे असणार, हेच डोक्यातून जाईना. तू नको म्हणालीस, मला बरंच वाटलं."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी एक शब्द वेगळा बोलले असते, तर तो घाबरत घाबरत का होईना, गेला असता. माझं ऐकायचा तो.

वहिनी माझ्याशी नीट बोलते, चहा देते. फक्त दवाखान्याचा विषय निघाला, की कप उचलते आणि आत जाते.