एका हाकेने मागे

बटण एकदा दाबलं की ते एकदाच दाबलं जात नाही. विजेचे चढउतार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिलं तर आतली पत्र्याची पट्टी टेकते, उडते, पुन्हा टेकते. आमच्या बटणात मी अशा अकरा उड्या मोजल्या, सगळ्या मिळून चार मिलिसेकंदांत. बोटाला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, आपण एकदा बोलावलं.

आमचा घरचा कारखाना हॉस्पिटलांसाठी पॅनेल बनवतो. प्रत्येक कॉटशेजारी एक बटण. ते दाबलं की नर्सच्या टेबलावर त्या कॉटच्या नंबराचा दिवा लागतो. त्यामागचा सी भाषेतला प्रोग्रॅम माझ्या सासऱ्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला. विक्री मोठे दीर बघतात, माहितीपुस्तिका जाऊबाई लिहितात. माझा नवरा सोल्डरिंग बघतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी इलेक्ट्रॉनिक्समधली एम.एस्सी., म्हणून तपासणी माझ्याकडे. तपासणीत काही सापडू नये, एवढीच सगळ्यांची अपेक्षा.

मला ते आठ महिन्यांपूर्वी सापडलं. त्यानंतरही मी सहा पॅनेलच्या दाखल्यांवर सही केली. यापुढे करायची नाही असं दर वेळी ठरवलं होतं. पण आधी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोळ्याचं ऑपरेशन आलं, मग दिरांनी नवी गाडी घेतली, आणि आनंदाच्या प्रसंगी माशी शिंकायला नको म्हणून मी गप्प राहिले.

पॅनेलमधला प्रोसेसर सतत फिरत असतो: रांगेतला पुढचा नंबर घे, दिवा लाव, पुन्हा रांग बघ. बटण दाबलं की त्याला हातातलं काम अर्धवट टाकून उठावं लागतं. याला इंटरप्ट म्हणतात. उठून त्याने एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा, चालवायचं, नंबर रांगेत ठेवायचा आणि जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायचं. हे फंक्शन जितकं लहान तितकं बरं. बाबांचं फंक्शन दीड पानाचं आहे. बटणाच्या उड्या थांबेपर्यंत वाट पाहणं, बझर वाजवणं, वेळ टिपणं, आणि छोट्या पडद्यावरून कंपनीचं नाव सावकाश सरकवणं, सगळं त्यात.

"आलेल्याला दारातूनच वाटेला लावायचं नसतं, सूनबाई," बाबा म्हणाले होते. "बसवायचं. विचारपूस करायची."

"पण बाबा, तेवढ्या वेळात दुसरं कुणी आलं तर दार ऐकूच येत नाही."

"गरज असेल तर येईल की परत!"

खरी चूक मात्र पुढची होती. 'बाकी किती' असा एक आकडा प्रोग्रॅममध्ये आहे. फंक्शन त्यात एक मिळवतं, मुख्य प्रोग्रॅम त्यातून एक वजा करतो. वजाबाकीची ओळ एकच, पण प्रोसेसर ती तीन पायऱ्यांत करतो: आकडा उचल, एक कमी कर, परत ठेव. नेमका मधे इंटरप्ट आला की फंक्शन एक मिळवून जातं, आणि परतलेला मुख्य प्रोग्रॅम हातातला जुना हिशेब त्यावर ठेवून मोकळा होतो. ते बोलावणं मोजणीतून गेलं. रांगेत मात्र ते बसलेलंच असतं.

यातून जे होतं ते पाहण्यासारखं आहे. सात नंबरने बटण दाबलं, दिवा लागला नाही. अर्ध्या तासाने बारा नंबरने दाबलं, तर दिवा लागला सातचा. नर्स सातकडे गेली, तोवर सातला झोप लागलेली. मग तीनने दाबलं की दिवा बाराचा. पॅनेल बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत अख्खा वॉर्ड एका हाकेने मागे. जो दोनदा दाबतो त्याचं काम होतं. शहाण्यासारखा एकदाच दाबून वाट बघणारा बघतच राहतो.

हे मी कागदावर चौकोन काढून घरच्या बैठकीत मांडलं.

"हॉस्पिटलची तक्रार आहे का?" दिरांनी विचारलं.

"नाही, भाऊजी. त्यांना वाटतं पेशंट बोलावतात आणि विसरतात."

"मग? त्यांची तक्रार पेशंटबद्दल आहे. आपल्याबद्दल नाही."

जाऊबाईंनी पुस्तिकेत तोडगा घातला: 'दोन रुग्णांनी शक्यतो एकाच वेळी बटण दाबू नये.' मी म्हटलं, "वहिनी, पडद्याआडच्या माणसाला शेजारचा कधी दाबतोय ते कसं कळणार?"

"अगं, 'शक्यतो' लिहिलंय ना!"

दुरुस्ती मी करून ठेवली होती. आकडे दोन ठेवायचे. एक फक्त फंक्शनने बदलायचा, दुसरा फक्त मुख्य प्रोग्रॅमने. दोघांनी एकमेकांचा वाचावा, पण हात लावू नये. आकडे वेगळे दिसले की कुणीतरी वाट बघतंय. शिवाय प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला सांगायचं, की हे आकडे तुझ्या पाठीमागे बदलतात, दर वेळी नव्याने बघ. बाकीची सरबराई फंक्शनबाहेर काढली. यंत्राने लाख वेळा बटणं दाबून पाहिली. बाबांच्या प्रोग्रॅममध्ये एकोणीस बोलावणी हरवली, माझ्यात एकही नाही.

बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे एका घरात दोन चुली?"

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सामानाचा टेम्पोच बोलावलाय.

"बाबा, आकड्यांबद्दल बोलतेय मी."

"सुरुवात आकड्यांपासूनच होते," बाबा म्हणाले.

नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं. दुरुस्ती माझ्या कपाटात गेली आणि पुस्तिकेत आणखी एक ओळ आली: 'पॅनेल रोज सकाळी बंद करून पुन्हा चालू करावे.'

मंगळवारी एका हॉस्पिटलच्या मेट्रन आल्या. त्यांच्याकडे आमची दोन पॅनेल आहेत. तिसरं ऑपरेशननंतरच्या वॉर्डात लावायचं होतं. बाबांनी स्वतः प्रात्यक्षिक दाखवलं. एक बटण दाबायचं, दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग दुसरं दाबायचं. सगळे दिवे बरोबर लागले. पडद्यावरून कंपनीचं नाव सरकत गेलं.

"छान," मेट्रन म्हणाल्या. "एक विचारू? आमच्या वॉर्डात हल्ली सगळेच विसराळू निघतायत. बोलावतात, आणि गेलं की म्हणतात, मघाशी हवं होतं. पंधरा जणांची स्मरणशक्ती तपासून घेतली आम्ही."

"वय असतं हो," दीर म्हणाले.

"त्यातला एक बावीस वर्षांचा होता."

"मोबाइल. आजकालच्या पोरांच्या डोक्यात काही राहतच नाही!"

मेट्रन हसल्या नाहीत. "नव्या वॉर्डातल्या माणसाच्या हातात एकदा बटण दाबण्यापुरतंच बळ असतं. दुसऱ्यांदा दाबायला तो शुद्धीवर असेलच असं नाही. एकदा दाबलं की त्याचा दिवा लागेल ना?"

"शंभर टक्के," दीर म्हणाले. "दाखला देतोय ना आपण! अगं, सही कर गं तेवढी."

दाखला माझ्यासमोर सरकला. 'सर्व चाचण्या समाधानकारक' हे वाक्य आधीच छापलेलं असतं. मी लाखात एकोणीस हा आकडा डोळ्यांसमोर आणला. तो लहान दिसतो. मग त्यांच्यातला एकच माणूस डोळ्यांसमोर आणला, पोटाला टाके पडलेला, दिव्याकडे बघत पडलेला.

"पेन चालत नाहीये का?" जाऊबाईंनी आपलं पुढे केलं.

"चालतंय, वहिनी."

"मग अडलंय कुठे?" दीर म्हणाले. "त्यांना उशीर होतोय."

मेट्रननी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तपासणी तुम्हीच करता ना? मग मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"ती फारशी बोलत नाही," बाबा म्हणाले.

मी पेनला टोपण लावलं.

"नाही, दिवा लागेलच असं नाही," मी म्हणाले. "तुमचे पेशंट विसराळू नाहीत, चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. यावर मी सही करणार नाही. आणि तुमच्याकडची दोन्ही पॅनेल आज दुपारीच उतरवून घ्या."