आधी तारीख, मग महिना

वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत शालन प्रोग्रॅमर होती. तिने बनवलेला फॉर्म ब्राउझरमध्ये उघडायचा आणि एका डायलिसिस सेंटरच्या ठाणे, कल्याण अशा दोन्ही शाखा त्यावर पेशंटच्या तारखा नोंदवायच्या. नव्याण्णव सालच्या ऑक्टोबरातला सोमवार होता. कोपरहून लोकलने येऊन ती खुर्चीत टेकते न टेकते तोच कल्याणच्या काउंटरवरून कुंडलिकचा फोन आला.

"मॅडम, तुमचा फॉर्म तारीख घेत नाय. तेरा ऑक्टोबर टाकली की 'चुकीची तारीख' बोलतो. बारापर्यंत सगळं बरोबर घेतलेलं."

कारण लगेच सापडलं. नवा सर्व्हर अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचत होता, मग तारीख. तेरावा महिना तो कुठून आणणार? तिने कोड बदलला, तेरा ऑक्टोबर टाकून पाहिली. घेतली.

"विषय संपला," साहेब, म्हणजे चांगदेव, खूश होऊन म्हणाले.

शालनने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. तेरा तारीख नाकारली ते ठीक. पण बारापर्यंतच्या तारखा त्याने घेतल्या, त्या काय समजून? तिने घाईघाईने नोंदी उघडल्या. चार ऑक्टोबरचे पेशंट दहा एप्रिलला जाऊन बसले होते. आणि आज चारच तारीख होती.

"सर, सेंटरला कळवायला हवं."

"आधी नोंदी गुपचूप नीट कर. आपली चूक म्हणून सांगत बसू नकोस. कॉन्ट्रॅक्ट जाईल."

"आणि कुणाला परत पाठवलं असेल तर?"

ते काही बोलायच्या आत तिने फोन उचलला; कल्याणहून कुणालाच परत पाठवलं नव्हतं, मग तिने ठाण्याचा नंबर फिरवला. तिथल्या शेवंती सिस्टर फोनवर आल्या.

"नेहमीचे पेशंट आम्ही ओळखीवर घेतले गं. पण बाळकुमचे धाकूबाबा नवीन. यादीत नाव नाही म्हणून काउंटरवरच्या मुलीने परत पाठवलं. त्यांच्याकडे फोनही नाही."

शालन पर्स घेऊन धावतच खाली उतरली. रिक्षाने थेट बाळकुम गाठलं. खाडीकडच्या कोळ्यांच्या घरांत विचारत विचारत ती पोचली, तर धाकूबाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. पाय सुजून टम्म, श्वास घेताना छाती वरखाली होत होती.

"सकालधरनं दम लागलाय गो त्याला," त्यांची बायको मनुबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आनि ते बोलतात नाव नाय."

"नाव आहे, आजी. चूक माझ्या फॉर्मची झाली. चला, रिक्षा उभी आहे."

 दोघींनी मिळून म्हाताऱ्याला उचललं.

सेंटरवर शेवंती सिस्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं. बाहेरच्या बाकावर शालन ओढणीचं टोक पिळत बसून राहिली. बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आल्या. "आता श्वास नीट चाललाय. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

चांगदेवांना भीती होती तसं झालं नाही. कॉन्ट्रॅक्ट टिकलं. तिने आधीच्या नोंदी दुरुस्त केल्या, तारखेची जागा मोडून तीन वेगळे रकाने केले आणि महिना आकड्यात नाही, अक्षरांत ठेवला. तरी पुढे कित्येक दिवस, ऑफिसात आल्या आल्या ती दोन्ही शाखांना फोन करायची आणि आजची नावं एकेक करून वाचून घ्यायची.