जिना चढणारी खुर्ची

मॅडम आत आल्या तशी शेडमधली कुजबुज थांबली. वेल्डरकाकांनी घाईघाईने तोंडावर मास्क ओढला. समोर जोडायला काहीच नव्हतं. चष्मिसने फळ्यावरची आकृती कोपराने पुसली आणि शर्टाची बाही निळी करून घेतली. फिजिओ तेवढी हसून म्हणाली, "आज लवकर?"

"माझ्याच कंपनीत यायला मुहूर्त बघू का?" मॅडमही हसल्या. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कंपनी खरोखरच त्यांची एकटीची होती. त्यांची आई पायांनी अधू झाल्यावर वरच्या मजल्यावर अडकली, ती जिवंतपणी पुन्हा खाली उतरली नाही. त्यानंतर मॅडमनी चांगली नोकरी सोडली आणि जिना चढणारी चाकाची खुर्ची बनवायला घेतली. भागीदार कोणी नव्हता. माणसं मात्र त्यांनी वेचून आणली. चष्मिस खुर्चीचा प्रोग्रॅम लिहायचा, तारवाला मोटर आणि ब्रेक बघायचा, वेल्डरकाका सांगाडा घडवायचे. फिजिओचा सगळा जन्म आजाऱ्यांना उभं करण्यात गेलेला. बसणाऱ्याच्या अंगाला काय जाणवेल ते ती नुसतं बघून सांगायची. चौघंही आपापल्या कामात मॅडमपेक्षा वरचढ. एके काळी याचाच त्यांना अभिमान होता. अलीकडे तेच टोचायला लागलं होतं.

टोचणी लावली दादाने. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, पेशाने वकील.

"तुझ्याकडे आहे काय? नाव आणि शेड," तो म्हणाला. "डोकं सगळं त्यांच्याकडे. उद्या चौघं मिळून शेजारी दुकान मांडतील. तू बस खुर्च्या पुसत."

"दादा, कान भरू नकोस."

"भरत नाहीये, साफ करतोय."

मॅडमनी ते हसण्यावारी नेलं. मग त्याच आठवड्यात त्यांनी तारवाल्याला एका गाडीतून उतरताना पाहिलं. गाडी चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल दिसला नाहीत?"

"दाढ दुखत होती," तारवाला म्हणाला.

तेव्हापासून मॅडम डोळ्यांत तेल घालून वावरू लागल्या. कोण कोणाबरोबर चहाला गेलं, कोणी फोन बाहेर जाऊन घेतला, कोणाच्या स्क्रीनवर काय आहे, सगळीकडे लक्ष. आपल्या नकळत खुर्ची हलू नये म्हणून त्यांनी चष्मिसकडूनच एक सोय करून घेतली: चौघांपैकी कोणाचं तरी लॉगिन चालू असेल तरच चाचणीची खुर्ची चालेल, मॅडमनी लॉगिन बंद केलं की जागच्या जागी थांबेल.

"आणि कोणी बसलेलं असलं तर?" चष्मिसने विचारलं.

"ब्रेक लागेल. त्यासाठीच बसवलाय ना?"

चष्मिसने तारवाल्याकडे पाहिलं. तारवाल्याने जमिनीकडे. मॅडमना वाटलं, नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवारी दुपारी त्या काही कागद न्यायला शेडवर गेल्या. चाचणीची खुर्ची जागेवर नव्हती. फरशीवरच्या धुळीत चाकांचे ठसे दारापर्यंत गेले होते.

"खुर्ची कुठाय?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"टेम्पोत घालून नेली. सगळेच होते. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

मॅडम तडक टेबलाशी गेल्या. त्यांनी तारवाल्याला फोन लावला. उचलला नाही. मग दादाला लावला.

"म्हटलं नव्हतं?" दादा म्हणाला. "आता रडत बसू नकोस. आधी सगळ्यांची लॉगिन्स बंद कर. पोलिसांचं मी बघतो."

मॅडमनी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एकेकाचं नाव काढून टाकलं. चष्मिस, तारवाला, काका, फिजिओ. आत कुठेतरी बरं वाटत होतं. कधीपासून वाटत होतं ते अखेर खरं निघालं होतं.

लगेच फिजिओचा फोन आला. मॅडमनी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. नंतर वाटलं, ऐकू तरी काय बनाव रचतात ते.

"मॅडम, खुर्ची मध्येच बंद पडलीय. चष्मिस तिच्यात बसलाय. जिन्यात आहोत आम्ही."

"कुणाच्या जिन्यात?"

"ते नंतर विचारा हो! आधी चालू करा."

"त्या साहेबांच्या ऑफिसात ना?"

"कुठले साहेब? मॅडम, ब्रेक सरकतोय!"

मॅडमचं बोट लॅपटॉपवर आलं आणि तिथेच थांबलं. चालू केलं तर खुर्ची घेऊन पसार होतील, असं त्यांच्या मनात आलं. मग मागून वेल्डरकाकांचा आवाज आला. ओरडत नव्हते, दात आवळून बोलत होते. "पोरी, तू बाजूला हो. माझ्याच्याने आता धरवत नाही."

मॅडमनी बटण दाबलं. फोनमधून मोटरची घरघर आली, कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला, आणि फोन बंद झाला.

पत्ता नंतर वॉचमनने टेम्पोवाल्याला विचारून काढून दिला. मॅडम पोचल्या तेव्हा चौघं एका जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसले होते. इमारत फिजिओच्या मावशीची. जिना अरुंद आणि वळणाचा, पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. काकांच्या तळहातांची सालटी निघाली होती. चष्मिस चष्मा हातात घेऊन नुसता बसला होता.

"शेडमध्ये आपण केलेला जिना सरळ आहे," फिजिओ म्हणाली. "वळणावर सगळा भार एका बाजूला येतो आणि ब्रेक सुटतो. हे मी मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

मॅडमना आठवत होतं. खुर्च्या घेणाऱ्या हॉस्पिटलची माणसं बघायला यायची होती. ऐन वेळी खोट काढणारी माणसं मला नकोत, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

"म्हणून मग आम्हीच दुरुस्त करून दाखवायचं ठरवलं," चष्मिस म्हणाला. "चोरून."

"मला वाटलं…" मॅडम म्हणाल्या.

"काय वाटलं ते कळलं आम्हाला," तारवाला म्हणाला. "वर अर्धवट लटकलेलं असताना कळलं. आणि दाढ दुखत नव्हती माझी. त्या साहेबांनी बोलावलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं. आता म्हणतो."

मॅडमनी त्याला अडवलं नाही. अडवायला तोंडच नव्हतं.

सोमवारी त्यांनी हॉस्पिटलला कळवलं की खुर्ची तयार नाही, कधी होईल सांगता येत नाही. पलीकडचा माणूस नीट बोललासुद्धा नाही. तारवाला महिनाअखेरपर्यंत थांबला. जाण्याआधी त्याने वळणावर न सुटणारा ब्रेक बसवला आणि मॅडमकडे न बघता काकांना सगळं समजावून दिलं.

राहिलेल्या तिघांसमोर मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"विश्वासाचं राहू द्या," फिजिओ म्हणाली. "तो तुम्ही कधीही परत घ्याल. कंपनीत हिस्सा द्या. आणि खुर्ची माणसासाठी धोक्याची आहे असं मी म्हटलं, तर तुम्हालासुद्धा ती विकता येणार नाही, असं लिहून द्या."

मॅडमना वाटलं, हेच तर यांना हवं नव्हतं ना? पहिल्यापासून? हा विचार आला, आणि गेलाही नाही. तरी त्यांनी दादाला करार करायला सांगितला.

दादाने तो कपाळाला आठ्या घालून लिहिला आणि शेडमध्ये येऊन वाचून दाखवला. काकांनी प्रत्येक कलमाला "म्हणजे काय?" विचारलं. चष्मिसने एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. फिजिओने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मॅडमकडे रोखून बघत म्हणाली, "आज सही नाही करत. घरी नेते. माझ्या ओळखीच्या एका वकिलाला दाखवते आधी."

"न्या," मॅडम म्हणाल्या, आणि नव्या ब्रेकची चाचणी घ्यायला स्वतः खुर्चीत जाऊन बसल्या.